इंजिन बांधण्याआधी ते मोजून घ्यावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुन्या वाहनांच्या फेरनोंदणीविषयी आपल्या वृत्तपत्रात मध्यंतरी जी वाचकांची पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत शुल्कवाढ, पर्यावरण कर आणि आरटीओ कार्यालयातील हेलपाटे यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु पंधरा वर्षे ओलांडलेली गाडी दारात असलेल्या माणसाची झोप ज्या प्रश्नाने उडते, तो त्यांत कुठेच आला नाही. गाडी ओढत नाही, धूर मारते, ऑइल खाते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन बांधावे लागेल, म्हणजे उतरवून, पूर्ण सुटे करून, झिजलेले भाग बदलावे लागतील. आणि पन्नास-साठ हजारांचा आकडा ऐकून मालक घरी येतो. आता इंजिन बांधायचे, गाडी विकायची, की आहे तशी ओढत न्यायची, हे त्याने कशाच्या आधारावर ठरवावे? शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत आयटीआयमध्ये, मोटार मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून मी ३१ वर्षे शिकवले आहे. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: इंजिन बांधायचे की नाही हे धुरावरून, आवाजावरून किंवा किलोमीटरवरून ठरवू नये, ते मोजून ठरवावे, आणि मोजलेले आकडे कागदावर घ्यावेत.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त आमच्या शेजारच्या बाईंची ऑल्टो गाडी हे आहे. बाई माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. गाडी २००९ सालची, १ लाख ३८ हजार किलोमीटर चाललेली, आणि आजवर एकाच हातात राहिलेली. २०२४ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी ५,००० रुपये फेरनोंदणी शुल्क आणि त्यावर पर्यावरण कर भरून तिची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी उभ्या जागी थरथरू लागली, चढाला दम टाकू लागली, आणि लिटरला सतरा किलोमीटर देणारी गाडी बारावर आली. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत येई आणि मिनिटभरात नाहीसा होई. बाईंची धाकटी बहीण रत्नागिरीला असते. तिच्याकडे जाताना आंबा घाट उतरून साखरप्याजवळ त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा मागून येणाऱ्या एसटीच्या चालकाने हॉर्न देऊन, हात बाहेर काढून त्यांना धूर दाखवला. त्या घाबरल्या, तिथेच गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबल्या.

कोल्हापुरात परतल्यावर त्यांनी गाडी नेहमीच्या गॅरेजमध्ये दाखवली. रिंग-पिस्टन गेले आहेत, इंजिन उतरवून पूर्ण बांधावे लागेल, ५५,००० रुपये खर्च येईल आणि आठ दिवस लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. त्या संध्याकाळी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, पेन्शनमधून एवढे पैसे घालायचे की गाडी भंगारात द्यायची, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

ते गॅरेज ज्याचे आहे, तो माझ्याच हाताखाली शिकलेला आहे, आणि हे मला जास्त लागले. मी त्याच्याकडे गेलो. पोरगा कष्टाळू आहे, लबाड तर मुळीच नाही. मी विचारले, "कॉम्प्रेशन बघितलंस का? गेज लावलं होतंस?" तो म्हणाला, "नाही सर. त्यात काय बघायचं, धूर दिसतोय की." कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. ते मोजणारे गेज त्याच्याकडे होते, कपाटाच्या वरच्या फळीवर, मूळ डब्यात. दोन वर्षांत ते बाहेर निघाले नव्हते.

इंजिन हे आत काय चालले आहे ते बाहेर सांगत असते. पण ते नीट ऐकावे लागते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच. ते ऑइल ज्वलनकक्षात खालून येते की वरून, हे धुराचा रंग सांगत नाही. धूर केव्हा येतो, ते सांगते. पिस्टनभोवतीच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलेंडरचे भोक, झिजले असतील तर ऑइल खालून वर चढते, आणि गाडी ओढत असताना, वेग घेताना धूर सतत येत राहतो. व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे रबरी ऑइल सील कडक होऊन चिरले असतील तर ऑइल वरून, हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागातून झिरपते. रात्रभर उभ्या गाडीत ते थेंब थेंब खाली जमते आणि सकाळी पहिल्या सेल्फला झोत निघतो. घाट उतरताना हेच घडते: पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाने रोखलेली, अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांमध्ये, निर्वात दाब फार वाढतो आणि तो व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत खेचतो. घाट संपून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की साठलेले ऑइल एकदम जळते. साखरप्याला बाईंच्या गाडीने जो धूर टाकला, तो नेमका या जातीचा होता. घाट चढताना धूर येत होता का, असे मी विचारले, तर त्या ठामपणे नाही म्हणाल्या. चढताना मागे त्यांचा भाचा दुचाकीवर होता आणि त्याने काहीच सांगितले नव्हते. पंचावन्न हजारांच्या निर्णयात हा एक प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गॅरेजमध्ये, त्याच विद्यार्थ्याला हाताशी घेऊन, आम्ही मोजमाप केले. कॉम्प्रेशन टेस्ट ही काही मोठी विद्या नव्हे. पण ती अर्धवट केली तर न केल्यापेक्षा वाईट. इंजिन चालवून गरम केलेले हवे. या इंजिनाला तीन सिलेंडर, म्हणून तिन्ही प्लग काढलेले हवेत, एकच नव्हे. इंधनाचा पुरवठा आणि प्लगकडे जाणारा करंट बंद केलेला हवा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा, कारण थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटलेला असेल तर सिलेंडरला हवाच मिळत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसते. आणि बॅटरी भरलेली हवी. बाईंच्या गाडीची बॅटरी चार वर्षांची होती, सेल्फ जड फिरत होता. म्हणून आम्ही दुसरी बॅटरी जोडली. मग गेजची नळी प्लगच्या भोकात आट्यांवर बसवून, काटा वाढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सात ठोके सेल्फ मारला. पहिल्या सिलेंडरचा आकडा आला ११.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याचा ११.६, आणि तिसऱ्याचा ७.८.

या तीन आकड्यांतच अर्धे उत्तर होते. वयाने झिजलेले इंजिन सहसा तिन्ही सिलेंडरमध्ये थोडेफार सारखेच उतरते. दोन सिलेंडर चांगली आणि एकच खाली असेल, तर इंजिन म्हातारे झाले असे म्हणता येत नाही. त्या एका सिलेंडरमध्ये काहीतरी बिघडले आहे. (शेजारशेजारची दोन सिलेंडर खाली असती, तर मी आधी त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर संशय घेतला असता, आणि तिन्ही सारखीच खाली असती, तर रिंगांवर आळ घेण्याआधी टायमिंग बेल्टचा दात सरकला आहे का, हे पाहिले असते.) तिसऱ्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून आम्ही पुन्हा मोजले. ऑइल पिस्टनच्या कडेने रिंगांभोवती पसरते आणि तिथली गळती क्षणभर बुजवते. म्हणून आकडा उडी मारून वर गेला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा, आणि जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. काटा ८ च्या जवळच थांबला. रिंगा निर्दोष होत्या.

उरलेला संशय फेडायला हवेचा प्रयोग केला. जुन्या प्लगचे चिनीमातीचे पोट काढून त्याच्या लोखंडी कवचाला हवेच्या नळीचा नोझल ब्रेझिंगने जोडला की घरच्या घरी अडॅप्टर तयार होतो. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आम्ही असे कितीतरी केले. पिस्टन कॉम्प्रेशनच्या ठोक्याच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा आत सोडली. हवा ज्या वाटेने सुटते, तिथे दोष. इनटेककडून आवाज आला तर आतल्या बाजूचा व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. माझ्या विद्यार्थ्याने गुडघ्यावर बसून सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला आणि तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "इथनं फुसफुसतंय सर." एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग, उघडून त्याची आणि व्हॉल्व्हची फट मोजणारा फीलर गेज लावला, तर तिसऱ्या सिलेंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट शिल्लकच नव्हती. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नव्हता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः त्या बैठकीतूनच बाहेर टाकतो. तो टेकला नाही की तापत राहतो आणि कडेला जळतो. त्या टॅपेटचे सेटिंग शेवटचे केव्हा पाहिले होते, याची नोंद बाईंच्या एकाही बिलात मिळाली नाही. दर सर्व्हिसिंगला ऑइल, फिल्टर, वॉशिंग आणि पॉलिशिंग मात्र न चुकता होते. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण सीएनजी आणि एलपीजीवर व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात आणि ही फट हळूहळू नाहीशी होते.

मग फक्त हेड उतरवले. ब्लॉक गाडीतच राहिला. बोअरच्या भिंतीवर कारखान्यात होनिंग, म्हणजे आतून घासणी, करताना पडलेल्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा १ लाख ३८ हजार किलोमीटरनंतरही स्पष्ट दिसत होत्या. रिंगेचा प्रवास जिथे संपतो, तिथे झिजलेल्या बोअरमध्ये एक धार तयार होते. मी नख फिरवून पाहिले, नख कुठे अडले नाही. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे हेड नेऊन जळलेला व्हॉल्व्ह बदलला, बैठका कापून घेतल्या, गाइड तपासले, हेडचे तोंड सपाट करून घेतले. सगळे ऑइल सील नवे घातले. उघडलेच आहे म्हणून टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलला. एकंदर खर्च १४,३०० रुपये आला. गाडी बांधल्यावर आकडे आले १२.३, १२.२ आणि १२.१. बाईंच्या गाडीचे पिस्टन, रिंगा, बोअर आणि पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक यांना हात लावण्याची गरजच नव्हती, आणि पंचावन्न हजारांतला मोठा वाटा त्यांच्यासाठीच जाणार होता.

हे वाचून गॅरेजवाल्यांवर राग धरू नये, अशी माझी विनंती आहे, कारण त्यांची बाजूही मला ठाऊक आहे. तपासणीत दीड-दोन तास जातात आणि त्याचे पाचशे रुपये मागितले तर गिऱ्हाईक म्हणते, नुसते बघायचे कसले पैसे. शिवाय एक भीती असते आणि ती अगदी निराधार नसते: हेडचे काम केल्यावर वरची गळती थांबते, सिलेंडरची ओढ वाढते, आणि खालच्या रिंगा मुळात थकलेल्या असतील तर त्या आता जास्त ऑइल वर सोडू लागतात. महिन्याभरात गिऱ्हाईक परत येते आणि भांडते. त्यापेक्षा एकदाच सगळे बांधून मोकळे व्हावे, असे मिस्त्रीला वाटते. परंतु या भीतीवरचा उपायही मोजमाप हाच आहे. खालची बाजू चांगली आहे हे ऑइल घालून केलेल्या दुसऱ्या मोजणीने आधीच दिसत असेल, तर भीतीला जागा उरत नाही.

आता याच्या नेमके उलट उदाहरण सांगतो, कारण इंजिन बांधणे नेहमीच टाळावे, असे मला म्हणायचे नाही. माझ्या मेव्हण्यांची २००४ सालची ओम्नी आहे. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावाहून ती रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन शहरात येते. वर्षभर ते तिच्यात ऑइल ओतत होते. आधी हजार किलोमीटरला अर्धा लिटर, मग एक लिटर, शेवटी पाचशेलाच एक लिटर. कोणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी जाड ऑइल घातले, मग धूर थांबवण्याची म्हणून मिळणारी बाटली घातली. प्लग दर आठवड्याला काळे आणि ओले होत. गरम झाल्यावर गाडी उभी केली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुके. तो त्यांनी सेन्सरचा दोष समजून सोडून दिला. मी ऑइल भरायचे झाकण इंजिन चालू असताना काढले, तर आतून चुलीसारखी वाफ ठोक्यागणिक बाहेर येत होती. तरीही मी आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारी झडप, तपासला, कारण तो तुंबला तरीही असा दाब साठतो आणि इंजिन ऑइल खाऊ लागते. तो मोकळा होता. तिन्ही सिलेंडरचे आकडे ८.१, ७.५ आणि ७.९ आले, चमचाभर ऑइल घातल्यावर तिन्ही अकराच्या आसपास गेले. सेन्सर काढून त्या जागी घड्याळाचा गेज लावला, तेव्हा ऑइलचा दाबही खरोखरच उतरलेला निघाला. म्हणजे वर रिंगा आणि बोअर, खाली क्रँकची बेअरिंगे, दोन्ही गेले होते.

त्या गाडीचे इंजिन उतरवून बांधणे हाच मार्ग होता, आणि तो वर्षभर आधी धरला असता तर क्रँकही वाचला असता. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटरचा, बोअर गेज वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा फिरवला तेव्हा वरच्या भागात तो इतका पसरलेला आणि लंबगोल झालेला दिसला की पाव मिलिमीटरच्या मापाने भागेना, अर्ध्या मिलिमीटरचे मोठे पिस्टन घालावे लागले. एवढी झीज का झाली, याचा शोध घेताना एअर फिल्टरच्या डब्याची तुटलेली क्लिप सापडली. वीटभट्ट्यांच्या आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या धुळीच्या रस्त्यावर ती गाडी दोन वर्षे फिल्टरला वळसा घालून हवा ओढत होती. ती सूक्ष्म धूळ ऑइलमध्ये मिसळली की पॉलिशपेपरसारखे काम करते. क्लिप बसवली नसती, तर नवे बांधलेले इंजिनही दोन वर्षांत तिथेच येऊन थांबले असते.

इथे एका वाईट पद्धतीबद्दल लिहिणे मला भाग आहे. खर्च कमी करण्यासाठी बोअर न करता "नुसत्या रिंगा टाकून देतो" असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. बोअर मापात असेल आणि होनिंग नीट करून दिले जात असेल, तर ते ठीक आहे. पण निमुळत्या, लंबगोल झालेल्या बोअरमध्ये गोल रिंगा बसत नाहीत. आणि वरच्या कडेची धार काढली नसेल तर नवी, कोरी रिंग तिच्यावर आपटून तुटते. असे इंजिन दोन महिने चालते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट होते. त्यामुळे बोअरचे माप न दाखवता कोणी नुसत्या रिंगा टाकतो म्हणत असेल, तर ते काम स्वस्तात पडत नाही, दुप्पट पडते. त्याचप्रमाणे बांधलेल्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर मालकाच्या हातात असतात. गाडी फार वेळ उभ्या जागी चालू ठेवू नये, एकाच वेगाने लांब पळवू नये, आणि हजार किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलावा, कारण नव्या रिंगा बसताना झिजलेला धातू त्या ऑइलमध्ये उतरलेला असतो. मेव्हण्यांच्या गाडीचे हे ऑइल मी पांढऱ्या कापडावर ओतून त्यांना दाखवले. त्यातली चकाकी पाहिल्यावर त्यांनी पुढचे ऑइल वेळेवर बदलले.

इंजिन बांधण्याची गरज आहे हे सिद्ध झाल्यावरही ते बांधावे की नाही, हा वेगळा प्रश्न राहतो. खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक झाला की गाडी विकावी, असा एक ठोकताळा लोक सांगतात. मला तो पुरेसा वाटत नाही. बाजारभाव हा विकणाऱ्याच्या कामाचा. वापरणाऱ्याने गाडी आणखी किती वर्षे चालेल आणि त्या प्रत्येक वर्षाला किती रुपये पडतील, हे पाहावे. त्याचे उत्तर इंजिनात मिळत नाही, गाडीखाली मिळते. गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन फ्लोअर, दारांखालचा पत्रा आणि सस्पेन्शन जिथे जोडलेले असते त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहाव्यात. माझ्या एका स्नेह्याची गाडी बारा वर्षे रत्नागिरीत समुद्राजवळ उभी असे; तिचे इंजिन मी आनंदाने बांधून दिले असते, पण मागच्या सस्पेन्शनच्या जागी टोक आरपार गेले, आणि ती गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे, असेच मी त्यांना सांगितले. अशा प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. भंगारवाल्याला परस्पर दिली तर तीही जाते आणि गाडी कागदोपत्री आपल्याच नावावर राहते. ओम्नीचा पत्रा मात्र शाबूत होता, तिचा धंदा रोजचा होता आणि ते मॉडेल २०१९ पासून बनतही नाही. म्हणून तिथे बांधणेच योग्य ठरले.

जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचे इंजिन आणून बसवण्याचा तिसरा मार्गही सुचवला जातो. तो वेळ वाचवतो, पण त्या इंजिनाची स्थिती आपल्याला माहीत नसते आणि त्याचा क्रमांक नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये अशा बदलाची आरटीओकडे रीतसर नोंद करावी लागते. ती न करता फिरवलेली गाडी अपघाताच्या विमादाव्यात किंवा फेरनोंदणीच्या तपासणीत मालकाला अडचणीत आणते. बिलाशिवाय मिळणारे इंजिन चोरीच्या गाडीचेही असू शकते.

अलीकडे प्रत्येक जुन्या इंजिनाच्या दुखण्याचा दोष इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर टाकण्याची प्रथा पडली आहे, म्हणून त्याविषयीही दोन वाक्ये. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते आणि ॲव्हरेज त्या प्रमाणात उतरू शकते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सीलही त्याने खराब होऊ शकतात व त्या तपासून बदलणे शहाणपणाचे आहे. परंतु सतरावरून बारावर आलेले ॲव्हरेज आणि एकाच सिलेंडरमधले पडलेले कॉम्प्रेशन यांचा उलगडा त्याने होत नाही, आणि तसे मानून बसले तर जळणारा व्हॉल्व्ह आतल्या आत जळत राहतो. हीच गोष्ट चिकटलेल्या ब्रेकची, घसरणाऱ्या क्लचची आणि तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. या तिन्हींमुळे गाडी ओढेनाशी होते आणि तिन्हींमुळे इंजिन बांधायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

वाहनमालकांना माझे सांगणे असे, की इंजिनाच्या कामाला होकार देण्याआधी प्रत्येक सिलेंडरचे कॉम्प्रेशन, ऑइल घालण्याआधीचे आणि नंतरचे, जॉबकार्डवर लिहून मागावे. तपासणीचे पैसे विनातक्रार द्यावेत. काढलेले सुटे भाग पिशवीत भरून परत घ्यावेत. आणि पक्के बिल घ्यावे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सेवेत त्रुटी असेल तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आकडे लिहून देणाऱ्या मिस्त्रीलाही त्याचा लाभच आहे: उद्या गिऱ्हाईक भांडायला आले, तर त्याच्या बाजूने बोलायला कागद असतो.

शासनाच्या कौशल्य विभागाकडे माझी एक मागणी आहे. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि त्यांतल्या अनेकांत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवला जातो. तिथे कॉम्प्रेशन गेज आहे, व्हॅक्यूम गेज आहे, बोअर गेज आहे, शिकवणारे निदेशक आहेत. नाहीत त्या वेगवेगळ्या दुखण्यांच्या खऱ्या गाड्या. मुले वर्षानुवर्षे त्याच एका कापून ठेवलेल्या इंजिनावर शिकतात आणि बाहेर पडल्यावर गेज कपाटावर ठेवून देतात. आठवड्यातून एक दिवस, माफक शुल्क घेऊन, नागरिकांच्या जुन्या गाड्यांची अशी तपासणी प्रत्येक संस्थेत व्हावी. दुरुस्ती तिथे करू नये, फक्त मोजावे आणि सही-शिक्क्याचा कागद द्यावा. मालकाने तो घेऊन हव्या त्या गॅरेजमध्ये जावे. कोल्हापुरात हा उपक्रम सुरू होणार असेल, तर मी विनामोबदला यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी चार-पाच निवृत्त निदेशक तयार आहेत, हे मी त्यांना विचारूनच लिहीत आहे.

माझ्या विद्यार्थ्याने आता गेज कपाटातून काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगले आहे. बाईंच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीच्या कागदासोबत एक पोस्टकार्ड आहे. त्यावर त्याच्या अक्षरात तारीख, किलोमीटर आणि तीन आकडे लिहिले आहेत, आणि खाली पुढच्या टॅपेट तपासणीचे किलोमीटर. गेल्या रविवारी त्या आंबा घाट उतरून रत्नागिरीला जाऊन आल्या.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
कोल्हापूर